टॅरिफकाका

टॅरिफकाकांना भेटवस्तू देऊ नये. दिलीच, तर 'कशाला एवढं' वगैरे ते म्हणत नाहीत. वस्तू खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात, उलटी करतात, नखानं टिचकी मारतात, नाकाशी नेतात आणि विचारतात, "हे कशाचं आहे?" त्यांच्या साठीला भाच्यानं टेबलावर ठेवायचं एक घड्याळ आणलं होतं. त्याला बाजूला छोटा दिवा आणि पुढे पेन ठेवायची खाच. घड्याळ म्हटलं तर प्रकरण ९१, दिवा म्हटला तर ९४, पेनचा स्टँड म्हटला तर प्लास्टिकचा, म्हणून ३९. पाहुणे केक कापायची वाट बघत उभे. शेवटी काकांनी 'वस्तूचा मूळ गुण वेळ दाखवणं' असा निकाल दिला, ते घड्याळ म्हणून दाखल करून घेतलं आणि टीव्हीशेजारी ठेवलं. त्या दिव्याचं बटण आजतागायत कुणी दाबलेलं नाही. खाचेत पेन ठेवायची तर कुणाची हिंमतच नाही.

काका गिरगावातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पोस्टमनसुद्धा खालून 'टॅरिफकाका, रजिस्टर!' अशीच हाक मारतो. सगळी नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे गेली. एच कार्डावर लागले, परीक्षा देऊन जी कार्ड मिळवलं, आणि न्यू कस्टम हाउसचे जिने चढता-उतरता केस पांढरे झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जुन्या शेठचा मुलगा अडला की अजून फोन करतो. काका फोन उचलायच्या आधी चष्मा लावतात. मालाचं वर्णन कानानं ऐकायचं असलं तरी ते डोळे उघडे ठेवून ऐकावं, असं त्यांचं मत आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक आकडा लागतो. त्या आकड्यावर ड्युटी ठरते, परवाना लागतो की नाही ते ठरतं, माल आज सुटतो की पुढच्या आठवड्यात तेही ठरतं. जगातला सगळा माल ९७ प्रकरणांत बसवलेला आहे. पहिल्यात जिवंत जनावरं, सत्त्याण्णवाव्यात चित्रं, शिल्पं आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. ("हे हळूहळू तिकडेच निघालेत," असं काकू म्हणतात.) ब्रुसेल्सची जागतिक संस्था ही यादी सांभाळते. पहिले सहा आकडे सगळ्या जगाचे, पुढचे दोन आपले. आंतरराष्ट्रीय करार लागू झाला १ जानेवारी १९८८ ला, पण आपण आपलं टॅरिफ १९८६ लाच त्या साच्यात बसवून मोकळे झालो होतो, हे काका अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला कपिल देवनं कप उचलल्यासारखं वाटावं.

आणि सत्त्याहत्तरावं प्रकरण रिकामं आहे. मुद्दाम. पुढेमागे काही निघालं तर असू दे म्हणून राखून ठेवलंय. आमच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली कायमची कुलूपबंद आहे. भाडेकरू अमेरिकेत, पागडीचा वाद कोर्टात. तिला काका 'सत्त्याहत्तर' म्हणतात. आता सगळी चाळच म्हणते. परवा बेस्टचा माणूस मीटर बघायला आला तेव्हा खालच्या पोरानं त्याला सांगितलं, "सत्त्याहत्तरच्या बाजूला." तो बिचारा खोलीचे नंबर मोजत गच्चीपर्यंत जाऊन आला.

काकांची तीन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, "नाव नको, वस्तू सांग." दुसरं, "नोट वाचलीस?" कारण बहुतेक प्रकरणांच्या डोक्यावर बारीक टायपात टिपा असतात, आणि काकांच्या मते जगातली निम्मी भांडणं टिपा न वाचल्यामुळे होतात. लग्नपत्रिकासुद्धा ते आधी खालून वाचतात. तिसरं वाक्य सगळ्यात प्रसिद्ध: "अदर्स म्हणजे आळस." बहुतेक गटांच्या शेवटी 'इतर' नावाची एक ओळ असते. कुठेच न बसणारा माल तिथे जातो. काकांच्या लेखी तिथे माल टाकणं म्हणजे घर झाडून केर सतरंजीखाली सारणं. काकूंनी मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या तेव्हा एकावर 'इतर' लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ती चिठ्ठी निघून तिथे 'दगडफूल, नागकेशर व तत्सम' आलेलं होतं.

वर्गीकरण करायचे सहा नियम आहेत. काकांना ते पाठ आहेतच, पण दुःखाची गोष्ट अशी, की ते त्यांनी कस्टम हाउसमध्ये ठेवून यायच्या ऐवजी घरी आणले.

दुसरा नियम सांगतो की वस्तू अपूर्ण असली तरी तिचं मूळ स्वरूप आलं असेल तर ती पूर्णच समजावी. मंडळाची पोरं परळला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती बघायला गेली, काका सोबत होते. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, एक हात अजून बांबूवरच. एक पोरगा म्हणाला, "हा अजून गणपती झाला नाही." काकांनी त्याला तिथेच, ओल्या मातीत उभं राहून, नियम दोन-अ समजावला. कारखान्याचा मालक हातातलं काम टाकून ऐकत राहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे. आम्हीपण पहिल्या दिवसापासून चपला बाहेरच काढतो." काकांना एवढा मान कस्टम हाउसमध्ये कधी मिळाला नसेल.

पाचव्या नियमात वाद्यांच्या पेट्यांचा उल्लेख आहे. जी पेटी खास त्या वस्तूसाठीच बनवली, ती त्या वस्तूबरोबरच मोजायची. गावाला भजनासाठी हार्मोनियम नेताना एस.टी.च्या कंडक्टरनं लगेजचे पैसे मागितले. काकांनी हार्मोनियमचे द्यायची तयारी दाखवली, पण खोक्याचे वेगळे देणार नाही म्हणाले. कंडक्टर खोक्याचे वेगळे मागतच नव्हता. ही गोष्ट काकांच्या लक्षात पेणच्या पुढे आली.

सगळ्यात गाजलं ते नियम तीन-क चं प्रकरण. दोन जागा वस्तूवर सारखाच हक्क सांगत असतील आणि काही केल्या निवाडा होत नसेल, तर आकड्यानं जी शेवटची ती घ्यावी. गणेशोत्सवात निबंध स्पर्धेचे परीक्षक काका. दोन मुलांना समान गुण पडले. काकांनी शांतपणे ज्याचा हजेरी क्रमांक मोठा त्याला पहिलं बक्षीस दिलं आणि निकालाच्या कागदावर 'नियम ३(क) अन्वये' असं लिहून सही केली. दुसऱ्या मुलाची आई अजून काकूंशी बोलत नाही. त्यानंतर मंडळानं काकांना देखाव्याच्या वायरिंगवर देखरेख ठेवायला नेमलं.

हे सगळं ऐकून माणूस वेडसर आहे असं वाटेल. तसं नाही. कोर्टाची पानं उलटली की काकांची बाजू पटू लागते. विड्याचं पान ही भाजी आहे की नाही, हा प्रश्न आपल्या अकोल्याहून निघून थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. १९६१ साली कोर्टानं सांगितलं की वनस्पतिशास्त्र काही म्हणो, बाजारात भाजी आणायला गेलेला माणूस विड्याची पानं घेऊन येत नाही, सबब ती भाजी नाही. काका हा निकाल पान खाताना सांगतात. अमेरिकेत १८९३ साली टोमॅटोवर असाच खटला झाला. शास्त्रानं फळ, पण कोर्टानं जेवणाच्या ताटात बघितलं आणि भाजी ठरवलं.

पण काकांचं खरं दैवत परळचं आहे. पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेली विको. त्यांची हळदीची क्रीम ही सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर एक्साइज खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. काका म्हणतात, "लोकांना वाटतं 'विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक' ही जाहिरात होती. अरे, तो युक्तिवाद होता! चाल लावून दिलेला लेखी जबाब!" टीव्हीवर ती जाहिरात लागली की आम्ही पोरं नाचायचो. काका हात मागे बांधून, मान खाली घालून ऐकायचे.

डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं छोट्या बाटल्यांतल्या खोबरेल तेलाचा निकाल दिला. केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल तर ते खाद्यतेलच. त्या दिवशी काकांच्या घरी अधिकृत घोषणा झाली, आणि वर्षानुवर्षं मोरीच्या फळीवर राहिलेली बाटली स्वयंपाकघरात गेली. काकूंनी दुपारी ती परत मोरीत ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा ओट्यावर. तिसऱ्या दिवशी काकूंनी दोन बाटल्या आणल्या, एकीवर लाल दोरा बांधला आणि विषय संपवला. काकांनी लाल दोऱ्याला 'लेबलिंग' म्हणून मान्यता दिली.

बजेटचा दिवस त्यांच्या घरी पाळला जातो. पूर्वी तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी असायचा, २०१७ पासून १ तारखेला. भाषणाचा पहिला भाग चालू असताना काका दाढी करतात. गरीब, शेतकरी, रस्ते हे ऐकायला देशात इतर माणसं आहेत. 'पार्ट बी' सुरू झाला की घरात पंखासुद्धा बंद होतो. आणि तरी खरं वाचन रात्रीचं, कारण भाषणात गोड तेवढंच असतं. कडू सगळं मागच्या परिशिष्टात. तरुणपणी त्या रात्री ते घरीच येत नसत. मध्यरात्री दर बदलायचे, आणि सकाळी पेढी उघडायच्या आत आर. के. जैन यांच्या जाड्या टॅरिफमध्ये पेन्सिलीनं दुरुस्त्या झालेल्या असायच्या. ती जुनी टॅरिफं अजून पलंगाखाली आहेत. काकू झाडू मारताना त्यांना 'तुमचे पूर्वज' म्हणतात.

आता त्यांच्या पुतणीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण काकांच्या म्हातारपणाला त्या मुलीनं जी रंगत आणली ती कुणीच आणली नसती.

ही मुलगी परळला एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. परळ म्हणजे आपल्याला गिरण्या आणि लालबागचा राजा आठवतो, पण हाफकिनची प्लेगवरची प्रयोगशाळा १८९९ साली तिथल्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली, तेव्हापासून त्या भागात बाटल्या आणि बरण्यांचाही एक वेगळा संसार चालू आहे. हिचं काम प्रथिनं शुद्ध करायचं. लहानसहान काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळतं, पण जे खरं लागतं ते स्वीडन, जर्मनी, अमेरिकेतून येतं. एकदा तिचं पार्सल विमानतळावर अडकलं. बर्फाच्या पिशव्या घालून पाठवलेला माल. पिशव्या वितळत होत्या, डेमरेज वाढत होतं, आणि कस्टमकडून क्वेरी आली होती: वस्तूचं स्वरूप व वापर स्पष्ट करावा. मुलगी रडवेली होऊन गिरगावात आली आणि इन्व्हॉइस काकांसमोर ठेवला.

काकांनी चष्मा लावला. इन्व्हॉइस वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी फक्त एकदा, त्यांना नातू झाला तेव्हा, बघितलं होतं.

"हे कुणी लिहिलं?"

"कंपनीनं, काका. कॅटलॉगमध्ये तसंच असतं."

"यात बीड्स लिहिलंय. बीड्स म्हटलं की ७०१८. काचेचे मणी, खोटे मोती. साहेबाला वाटणार मुलगी मंगळसूत्रं आणतेय. पुढे रेझिन. रेझिन म्हटलं की १३०१. तिथे कोण बसलंय माहितीये? हिंग! हा कॉलम. ७३०८, लोखंडी खांब. मीडिया म्हणजे ८५२३, सीडी आणि कॅसेटा. आणि हा बफर..." इथे त्यांना हसू आवरेना. "बफर म्हणजे ८६०७. रेल्वेच्या डब्यांचे. ते तुझ्या परळ वर्कशॉपमध्ये पाठवायला हवेत."

"काका, प्लीज."

"नाव नको. वस्तू सांग."

आणि मग त्या मुलीची जी परीक्षा झाली ती तिच्या गाइडनंही घेतली नसेल. मणी कशाचे? अ‍ॅगरोजचे. अ‍ॅगरोज कशापासून? समुद्री शेवाळापासून. म्हणजे अगर-अगर? ते तर १३०२. नाही काका, अगरमधला एक भाग वेगळा काढून शुद्ध केलेला. मग ३९१३ बघायला पाहिजे, नैसर्गिक पॉलिमर. त्याला काय चिकटवलंय? निकेल. मग हे आयन एक्स्चेंजर आहे का? ३९१४? आयनांची अदलाबदल करतं, की धरून ठेवतं? धरून ठेवतं. नक्की? नक्की. मग ३८२२ चं रीएजंट म्हणायचं का? की पाकीट लहान आहे म्हणून ९८०२? बाटली किती मिलीची? पंचवीस. ९८ वं प्रकरण जगाच्या ९७ पलीकडचं, खास आपलं; त्यातलं ९८०२ म्हणजे प्रयोगशाळेतली रसायनं. पाचशे ग्रॅम किंवा पाचशे मिलीपर्यंतचं पाकीट, आणि शुद्धतेवरून, खुणांवरून दिसलं पाहिजे की हे प्रयोगशाळेशिवाय कशाच्याच कामाचं नाही. "खाता येतं का हे?" "नाही." "अंगाला लावता येतं?" "काका!" "विचारायला लागतं. प्राणिजन्य आहे का?" "नाही, शेवाळ." "मग ते पहिल्या ओळीत लिही. नाहीतर फाइल पशुवैद्यकाकडे जाईल आणि तुझे मणी तिथेच पेन्शनीत निघतील. बाटलीत मण्यांबरोबर काय आहे?"

"वीस टक्के इथेनॉल. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून ठेवतात."

काकांनी चष्मा काढला. आतून काकूंचा आवाज आला, "दारूत ठेवतात?"

एकूण प्रकरण दिसतं त्याहून नाजूक आहे हे काकांच्या लक्षात आलं. दारूचं नाव कागदावर नुसतं निघालं तरी कागद दुसऱ्या टेबलावर जातो, हा त्यांचा जन्माचा अनुभव. त्यांनी मुलीला कागद घ्यायला लावला आणि टेक्निकल राइट-अप सांगायला सुरुवात केली. कंपनीच्या पत्रकात होतं, की हे उत्पादन अत्युच्च क्षमतेचं व पुढच्या पिढीचं आहे. ते सगळं काट मारून गेलं. "विशेषणावर ड्युटी बसत नाही." उरलं ते असं: शेवाळापासून केलेले मणी, त्यावर निकेल, टिकावं म्हणून वीस टक्के अल्कोहोलमध्ये, पिण्यास अयोग्य, प्रयोगशाळेत द्रावणातून एक विशिष्ट प्रथिन वेगळं करण्यासाठी, पुनर्विक्रीसाठी नाही. मी मराठी साहित्यात इतकं स्वच्छ गद्य क्वचित वाचलंय.

पार्सल सुटलं. पण काकांना एक गोष्ट टोचत राहिली. 'वेगळं करण्यासाठी' असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि ते वेगळं कसं होतं हे स्वतःला माहीत नव्हतं. न पाहिलेल्या वस्तूचं डिक्लरेशन त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. पुढच्या रविवारी मुलीला पुरणपोळीचं आमिष दाखवून बोलावलं.

तिनं त्यांना कल्पनेतल्या लोकलमध्ये बसवून समजावलं. "समजा, डब्यातल्या कड्या म्हणजे निकेल. पेशी फोडली की हजारो प्रथिनं बाहेर येतात, ती सगळी या डब्यात शिरतात. आमच्या प्रथिनाला आम्ही मुद्दाम एक शेपटी लावलेली असते, सहा हिस्टिडिनांची. म्हणजे ह्याला सहा हात. दादर आलं की बाकीचे लोंढ्याबरोबर उतरून जातात, हा कड्यांना लटकून राहतो. मग आम्ही इमिडॅझोल चढवतो. त्याचे हात अगदी ह्याच्यासारखेच, पण संख्येनं बेसुमार. कड्या ते पकडतात. आमचा बिचारा परळला उतरतो, आणि आम्ही फलाटावर नळी घेऊन उभे."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, हा तर नियम तीन-अ. ज्याचं वर्णन सगळ्यात नेमकं, तो हेडिंगला चिकटणार. बाकीचे अदर्स. त्यांचं काय करतेस?"

"निर्जंतुक करून सिंकमध्ये."

"ऐकलंस गं?" त्यांनी आत काकूंना हाक मारली. "अदर्स सिंकमध्ये जातात!"

मुलीनं पुढे सांगितलं, की काही प्रथिनं शेपटी नसतानाही उगाच निकेलला चिकटून राहतात आणि शुद्ध मालात भेसळ करतात. त्यांना घालवायला आधी थोडंसं इमिडॅझोल घालून धुवावं लागतं. काकांनी मांडीवर थाप मारली. "मिसडिक्लरेशन! सगळीकडे असतात!" तेव्हापासून त्या मुलीच्या कामाबद्दल त्यांना इतकी आस्था वाटू लागली की तिची आईही बघत राहिली. ती भेटली की विचारायचे, "काय, चिकटतोय का?" जिन्यात हे ऐकून मुलीच्या लग्नाचं जमतंय असा एका बिऱ्हाडाचा समज झाला होता.

इमिडॅझोल २९३३ मध्ये आणि मीठ २५०१ मध्ये, हे त्यांनी तिला बदल्यात शिकवलं. मिठाचं ऐकून मुलगी थक्क झाली. प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध सोडियम क्लोराइड आणि वाण्याकडचं मीठ एकाच ओळीत, आणि त्याच ओळीत समुद्राचं पाणीही. अनंतचतुर्दशीला चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभे राहून काकांनी मला सांगितलं होतं, "आपण आत्ता २५०१ मध्ये आहोत." त्या गर्दीत दुसरं काही सांगण्यासारखं होतं, पण नाही.

मग २३ जुलै २०२४ आला. निवडणुकीमुळे त्या वर्षी पुरं बजेट जुलैत होतं. काकांनी रात्री परिशिष्ट वाचलं आणि साडेअकराला पुतणीला फोन केला. ९८०२, प्रयोगशाळेची रसायनं, दहा टक्क्यांवरून दीडशे टक्के. मुलगी झोपेत होती. तिला वाटलं काका आकडा चुकले. काका आणि आकडा चुकणार! दोन दिवसांत देशभरचे शास्त्रज्ञ ओरडू लागले. वर्षाच्या संशोधनाचे पैसे चार महिन्यांत संपायची वेळ. चाळीत मात्र त्या आठवड्यात काकांचा भाव वधारला होता. वर्तमानपत्रात ९८०२ हा आकडा छापून आलेला बघून लोक त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू त्यांच्याच घरातल्या कुणाचं नाव आलंय.

कारण काय, तर कुणीतरी शुद्ध मद्यार्क 'प्रयोगशाळेचं रसायन' म्हणून आणत होतं. मद्यार्क आपल्या जागी, २२०७ मध्ये, आणला तर दीडशे टक्के. इकडून आणला तर दहा. "मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले, "दारूचं नाव निघालं की सगळ्यांचा कागद दुसऱ्या टेबलावर जातो. एकानं चुकीच्या दारानं बाटली नेली म्हणून सरकारनं दारच विटांनी बांधलं." त्यांना राग सरकारचा नव्हताच. तो बाटली नेणाऱ्याचा होता. ड्युटी चुकवणं त्यांना समजतं, गिरगावात राहून ते न समजेल असं नाही. पण वस्तूला खोट्या ठिकाणी बसवणं त्यांना सहन होत नाही.

आठ-दहा दिवसांतच सरकारनं जे प्रत्यक्ष प्रयोगशाळेत वापरणार, त्यांच्यासाठी पुन्हा दहा टक्के केलं. सोबत अट: लेखी द्या की स्वतःच वापरू. मुलगी खूश. काकांचा चेहरा मात्र थोडा पडला होता. त्यांनी अर्थमंत्र्यांना पाठवायचं पत्र तिसऱ्या मसुद्यापर्यंत आणलं होतं, त्यात प्रकरण ९८ ची टीप क्रमांक तीन संपूर्ण उतरवलेली होती. ते पत्र त्यांनी फाडलं नाही. पलंगाखाली, पूर्वजांबरोबर ठेवलं.

गेल्या वर्षी मुलीचा प्रबंध झाला. एक प्रत तिनं काकांना दिली. बाकीच्या नातेवाइकांनी आपापली प्रत हातात घेऊन आभाराचं पान शोधलं आणि ठेवून दिली. काकांनी 'साहित्य व पद्धती' हे प्रकरण काढलं आणि पेन्सिलीला टोक केलं. चार दिवस दार लोटलेलं होतं. मी एकदा डोकावलो तर समासात ओळीनं आकडे: ट्रिस, २९२२. अल्ब्युमिन, ३५०२. काचेची नळी, ७०१७. सेंट्रिफ्यूज, ८४२१. जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि एके ठिकाणी, लाल पेन्सिलीनं, 'कंपनीकडून राइट-अप मागवणे'. सगळ्या प्रबंधात 'अदर्स' एकदाही नव्हतं.

रविवारी मुलगी आली तेव्हा काकांनी शेवटच्या प्रकरणातलं एक चित्र तिच्यापुढे धरलं. निळ्या पट्ट्यांची शिडी आणि उजवीकडे एकच ठसठशीत रेघ.

"हा कोण? याला नंबर नाही दिला मी."

"हेच ते, काका. शुद्ध केलेलं. ज्याच्यासाठी सगळं मागवलं."

"हा कुठून आला?"

"कुठून नाही. इथेच केला. परळला."

काकांनी चित्र पुन्हा उजेडात धरलं. "मग याच्यावर ड्युटी नाही," ते म्हणाले, आणि पान मिटायला लागले. मिटता मिटता थांबले. "पण उद्या कुणी बाहेरून मागवला तर पाठवशील ना? शिपिंग बिल लागेल. ३५०४ लिहून ठेवतो, प्रथिनं."

"ठेवा. तसा तो एन्झाइम आहे."

"एन्झाइम?" काकांचा आवाज जिन्यापर्यंत आला. "इतकी वर्षं चिकटतोय का, चिकटतोय का विचारतोय मी, आणि तू आत्ता सांगतेस एन्झाइम? अगं, मग ३५०७! खोडरबर कुठाय? आणि शुद्धच ना? त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ना? नाहीतर तयार एन्झाइम म्हणून खाली जाईल. बस. बस खाली. पहिल्यापासून सांग."

काकूंनी आतून विचारलं, पोळ्या आत्ता टाकू की नंतर.

"नंतर," मुलगी म्हणाली.